छत्री छतावर की तिपाईवर?

देवगडला जायला गुणाजी पेडणेकरांकडे सगळं होतं. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्यांनी तिचं फिरतं घर करून घेतलं होतं. ओढली की पलंग होणारी दोन बाकं, गॅसची शेगडी, हात धुवायला बेसिन, भिंतीवर छोटा टीव्ही. नव्हती ती फक्त छत्री. पावसाची नव्हे, टीव्हीची. आणि छत्रीशिवाय गुणाजी मुलुंड सोडणार नाहीत हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. अठरा फ्लॅटच्या सोसायटीत एखादी गोष्ट सगळ्यांना ठाऊक झाली, की तिच्यावर अठरा मतं तयार होतात.

सोसायटीचं नाव सागरदर्शन. मुलुंड पूर्वेला गच्चीवरून सागर दिसत नाही, मिठागरं दिसतात. पण मीठ समुद्राचंच, तेव्हा नातेवाइकाचं का होईना, दर्शन होतं.

या सागरदर्शनच्या फळ्यावर मे महिन्यात नोटीस लागली. इमारतीखालच्या पार्किंगमधल्या बीमचं प्लास्टर सुटत आहे, सबब रविवार दिनांक अठरा रोजी दुपारी बाराच्या आत सर्व वाहने दहा दिवसांसाठी बाहेर काढावीत. इथवर ठीक होतं. पुढे होतं, 'जे वाहन स्वतःच्या चाकांवर बाहेर पडणार नाही ते बेवारस समजून त्याची विल्हेवाट लावण्यात येईल.' खाली सही, जयंती ओक, सेक्रेटरी.

गुणाजी नोटीस काढूनच ओकबाईंकडे गेले.

"बाई, हे माझ्याबद्दल आहे."

"कुणाचंही नाव घेतलेलं नाही, पेडणेकर."

"चौदा महिने न हललेली दुसरी कुठली गाडी आहे आपल्याकडे?"

"तेच म्हणते मी. नाव घ्यायची गरजच पडली नाही," ओकबाई म्हणाल्या. "आणि ती नोटीस परत फळ्यावर लावा. पिनेसकट."

बाई विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या. माणूस वाईट नव्हता, पण नियमाला धरून होता. खरं म्हणजे गुणाजीही तसेच. भांडुपच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर. आयुष्यात मोजल्याशिवाय काही घेतलं नाही, लिहिल्याशिवाय काही दिलं नाही. खिशात अजून मेजरिंग टेप असे. गाडी बेवारस म्हटल्याचं त्यांना लागलं ते एवढ्याचसाठी, की दर गुरुवारी ते तिचं इंजिन बरोबर दहा मिनिटं चालू ठेवत आणि तसं वहीत लिहीत. बेवारस गाडीची वही असते का?

त्यात मुलीचा, मानसीचा बोरिवलीहून फोन आला.

"बाबा, विकून टाका ना आता. कांदिवलीचं एक गिऱ्हाईक मिळालंय. सर्वेश म्हणून आहेत. रविवारी बाराला येऊन घेऊन जातो म्हणतात."

"काय करणार आहेत ते गाडीचं?"

"चायनीजची गाडी टाकायचीय त्यांना."

गाडीच्या छताला आतून जो हस्तिदंती सनमायका होता, तो सुलक्षणाने निवडला होता. अकरा दुकानं फिरून. घाटकोपरचा दुकानदार शेवटी कंटाळून म्हणाला होता, "भाभी, छताकडे कोण बघतं?" तर सुलक्षणा म्हणाली होती, "जो झोपतो तो."

त्या सनमायक्याला शेजवानचा धूर लागणार.

"मी देवगडला जातोय," गुणाजी म्हणाले. "रविवारी. बाराच्या आत."

बोलून गेल्यावर त्यांनाच घाम फुटला. कारण गाडी आणली आणि महिन्याभरात सुलक्षणा गेली. त्यानंतरच्या तेरा महिन्यांत गुणाजी एका संध्याकाळीही घराबाहेर राहिले नव्हते. रोज साडेसातला 'धाकट्या जावेची किल्ली' लागे. ही सुलक्षणाची मालिका. तिच्यात एक कपाट होतं, त्याची किल्ली धाकट्या जावेने सहाशे भागांपूर्वी विहिरीत टाकली होती. आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सुलक्षणा आयसीयूतसुद्धा विचारत होती, "उघडलं का हो कपाट?" उघडलं नव्हतं. म्हणून गुणाजी रोज तिच्या फोटोसमोर टीव्ही लावून बसत आणि भाग संपला की सांगत, "नाही गं. आजही नाही."

आणि नेमकी आता जाहिरात लागली होती. रविवारी संध्याकाळी सात वाजता, एक तासाचा विशेष भाग. कपाट उघडणार!

म्हणजे रविवारी बारा वाजता मुलुंड सोडायचं, आणि रविवारी सात वाजता, असू तिथे, टीव्ही बघायचा. मोबाईलवर बघा, असं मानसीने सुचवलं. पण मोबाईलवर मालिका बघणाऱ्यांबद्दल सुलक्षणाचं मत स्पष्ट होतं. त्यात सासू आणि सून एकाच उंचीच्या दिसतात, मग भांडणाला अर्थ काय राहिला? शिवाय घाटात रेंज जाते, आणि कपाटं नेमकी घाटातच उघडतात.

तेव्हा छत्री. आता प्रश्न उरला तो छतावरची की तिपाईवरची?

तिपाईवरची म्हणजे पोर्टेबल. गाडी थांबली की खाली उतरायचं, तीन पाय पसरायचे, त्यावर छत्री बसवायची, आग्नेयेला तोंड करायचं आणि वायर आत घ्यायची. छतावरची म्हणजे कायमची. टपावर स्टँड, स्टँडवर छत्री, आणि आत एक मूठ. ती फिरवली की वर छत्री फिरते.

तळमजल्यावरचे लवू धुरी तिपाईच्या बाजूचे. लवू आणि गुणाजी एकाच तालुक्यातले, त्यामुळे लवूला गुणाजींचं सगळं आधीच माहीत असे.

"अरे गुणाजी, उन्हाचो गाडी खंय उभी करतलंस? झाडाखाली ना? मगे टपावरची छत्री काय आंबे बघतली?" लवू म्हणाला. "तिपाई बरी. गाडी सावलीत, छत्री उन्हात."

दुसऱ्या मजल्यावरचे नंदकुमार वैद्य टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तारेने चालणाऱ्या कुठल्याही वस्तूवर बोलायचा हक्क आपला आहे असं ते धरून चालत. छत्रीला तार होतीच.

"पेडणेकर, तिपाई म्हणजे भाडेकरू. रोज उठवा, रोज बसवा. टपावरची म्हणजे मालक. एकदा बसली की बसली."

हे शेवटचं वाक्य नंदकुमारांना पुढे फार महागात पडलं. पण ते नंतर.

गुणाजींनी आधी स्वस्तात मस्त म्हणून तिपाई आणली. जोडणीसाठी कंपनीला फोन केला.

"सर, फ्लॅट नंबर?"

"फ्लॅट नाही. गाडी आहे."

"बिल्डिंगचं नाव, सर?"

"टेम्पो ट्रॅव्हलर."

"कितव्या मजल्यावर, सर?"

"चाकांवर."

"लँडमार्क सांगा सर, जवळचा."

"तो बदलतो," गुणाजी म्हणाले. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

पलीकडची मुलगी थोडा वेळ गाणं ऐकवून परत आली आणि म्हणाली की बदलत्या लँडमार्कसाठी वेगळी तक्रार नोंदवावी लागेल. ती नोंदवली. तिचा नंबर वहीत उतरवला. त्यापुढे काहीच झालं नाही, म्हणून लवूने भांडुपहून हर्षद नावाच्या माणसाला आणलं. हा वीस वर्षं छत्र्या बसवत होता, आणि आकाशात कुठला उपग्रह कुठे आहे हे शेजाऱ्याचं घर दाखवावं तसं बोटाने दाखवत असे.

हर्षदने कंपाउंडमध्ये तिपाई लावून दिली आणि सिग्नल दाखवून गेला. गुणाजी जेवायला वर गेले. परत येऊन बघतात तर टीव्हीवर मुंग्या आणि छत्रीत सांडगी मिरच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या मानेकाकूंनी वाळत घातल्या होत्या.

"उन्हात एवढी मोठी स्वच्छ परात कुणी ठेवली म्हटलं," काकू म्हणाल्या. "तिरकी होती, मी सरळ केली."

मिरच्या काढल्या. छत्री पुन्हा तिरकी केली. पण सिग्नल काही येईना. गुणाजी छत्री बोटभर डावीकडे फिरवत, गाडीत चढून टीव्ही बघत, उतरत, बोटभर उजवीकडे फिरवत, पुन्हा चढत. अकरा वेळा चढले-उतरले. बाराव्या वेळी पायरीवरच बसले.

हर्षदला फोन लावला. तो म्हणाला, "काका, हे एकट्याचं काम नाही. एकाने बाहेर फिरवायची, एकाने आतून ओरडायचं, आलं, गेलं, आलं. दोन माणसं लागतात. तुमच्याबरोबर कोण आहे?"

गुणाजींनी फोन खाली ठेवला. तिपाई निवडली होती ती दोघांनीच, चौदा महिन्यांपूर्वी. सुलक्षणा म्हणाली होती, तुम्ही फिरवा, ओरडायचं माझ्याकडे लागलं. आपण अजून तोच हिशोब धरून चाललोय, हे स्टोअरकीपरच्या आता लक्षात आलं.

त्यांनी वही उघडून लिहिलं, 'तिपाई रद्द. छतावरची.'

बातमी कळल्यावर नंदकुमारांनी जिना उतरून अभिनंदन केलं. लवू दोन दिवस बोलला नाही.

आता टपावर काही बसवायचं तर कागदपत्रांत काही बदल लागतो का, हे गुणाजींनी एका एजंटाला विचारलं.

"छत्री काढता येते का?" एजंट.

"येते."

"मग ते सामान. सामानाला परवानगी लागत नाही."

"आणि स्टँड?"

"तो काढता येतो का?"

"नाही."

"मग ती गाडी. गाडीची उंची बदलली, दाखवायला लागेल."

"किती उंच झाली तर?"

"आधी बसवून आणा, मग मोजू."

"आणि बसवल्यावर चालत नाही म्हणालात तर?"

"मग काढा."

"तो काढता येत नाही."

एजंटाने गुणाजींकडे जरा वेळ बघितलं आणि दोघांसाठी चहा सांगितला. बऱ्याच वर्षांत त्याला इतकं नीट ऐकून घेणारं कुणी भेटलं नव्हतं. शेवटी असं ठरलं, की आठ इंचांखालचा स्टँड बसवा, मी बघतो.

आठ इंच हा आकडा ऐकून गुणाजी खूश झाले. कारण गाडी पार्किंगमध्ये आणली त्या दिवशी त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं, 'टप ते बीम, अंतर आठ इंच.' हर्षदकडचा स्टँड सात इंचांचा, छत्री आडवी पाडली की त्यातच मावणारी. एक इंच मोकळा राहतो. सोसायटीच्या गेटची कमानही मोजली. हातभर जागा.

स्टँड बसवायचा होता काळ्या गोंदाने. बसच्या काचा चिकटवतात तो. भोकं पाडली असती तर सनमायका फुटला असता, म्हणून गोंद. गोंदाच्या डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, थेट उन्हात वापरू नये. डब्यावरचं बारीक अक्षर वाचणारा सागरदर्शनमध्ये एकच माणूस होता. हर्षद म्हणाला, "काका, गाडी बाहेर काढू, पाच मिनिटांचं काम." गुणाजींनी डबा त्याच्या डोळ्यांसमोर धरला. तेव्हा शुक्रवारी, पार्किंगमध्येच, बीमच्या आतल्या बाजूला, सावलीत, स्टँड बसला. हर्षद टपावर पालथा झोपून काम करत होता. मूठ आत आली. तीही सनमायक्याला हात न लावता, खिडकीच्या फटीतून.

"आता छप्पर निघेल, पण स्टँड निघणार नाही," हर्षद अभिमानाने म्हणाला.

रविवारी सकाळी साडेदहाला गुणाजी धुतलेला शर्ट घालून गाडीत बसले. पुढच्या बाजूला गणपती, त्याच्याखाली सुलक्षणाचा फोटो. इंजिन चालू केलं. लवू रुसवा सोडून निरोपाला आला होता. ओकबाई नोटीसची प्रत घेऊन उभ्या होत्या. मानसी बोरिवलीहून आली होती, बाबा खरंच जाणार आहेत का हे बघायला. आणि गेटपाशी कांदिवलीचे सर्वेश उभे होते, बाबा जाणार नाहीत या आशेवर.

गाडी सुरू झाली, पुढची चाकं एक गचका खाऊन वर चढली, आणि वर खट्ट वाजलं.

छत्री बीमला लागली होती.

"छत्री काढा!" नंदकुमार ओरडले. छत्री काढली. ती सामानच होती. पण स्टँड उरला, आणि तोही बीमच्या खालच्या कडेहून दोन इंच वर.

गुणाजी उतरले. टेप काढून मोजलं. पुन्हा मोजलं. वही काढली. वहीत आठ इंच, बीमखाली पाच इंच. चौतीस वर्षांत त्यांच्या स्टोअरमधून कधी तीन इंच नाहीसे झाले नव्हते.

"तीन इंच कुठे गेले?" त्यांनी विचारलं. हे त्यांनी ज्या आवाजात विचारलं त्या आवाजाला पूर्वी कारखान्यात हमाल ताठ उभे राहत.

लवूने खाली बोट दाखवलं.

जानेवारीत सोसायटीने पेव्हर ब्लॉक बसवले होते. दर नवी कमिटी जुन्या ब्लॉकांवर नवे ब्लॉक बसवते, ही सागरदर्शनची परंपरा. इमारत त्यामुळे वर्षागणिक बुटकी होत चालली होती. आणि गुणाजींची गाडी हलत नव्हती म्हणून कामगारांनी तिच्याभोवती ब्लॉक बसवले, झाडाच्या पाराभोवती बसवतात तसे. गाडी तीन इंचांच्या खड्ड्यात उभी होती. खड्ड्यातून वर आली आणि बीमला भिडली.

"ब्लॉक तुमच्या कमिटीचे, बाई," गुणाजी म्हणाले.

"ठराव झाला होता. आक्षेप मागवले होते. तुम्ही आला नाहीत," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून खाली बघत म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही कुठेच येत नव्हता म्हणा."

पावणेअकरा.

"स्टँड काढून टाका," सर्वेश गेटवरून म्हणाले.

"निघत नाही," नंदकुमार म्हणाले. "एकदा बसली की बसली." आणि सगळ्यांनी वळून आपल्याकडे बघितल्यावर ते खांबामागे गेले.

हर्षदला फोन केला. तो नाहूरला कुणाच्या तरी गच्चीवर होता. म्हणाला, काढायचा तर पत्र्यासकट कापावा लागेल, आतलं छत पण जाईल.

"कापू या ना, बाबा," मानसी म्हणाली. "दुसरा सनमायका लावू."

गुणाजी गाडीत गेले, बाकावर आडवे झाले आणि वर छताकडे बघत राहिले. जो झोपतो तो. मानसी दारातून आत डोकावली, तिनेही वर बघितलं, आणि पुन्हा कापायचं नाव काढलं नाही.

बाहेर लवूने टायरची हवा सोडायला सुरुवात केली होती. ट्रकवाले पुलाखाली अडकले की हेच करतात. चारी चाकं बसकी केली, गाडी एक इंच खाली आली. आणखी हवा सोडली तर टायर रिमवरून निघतील. एक इंच उरला.

सव्वाअकरा. गुणाजींचा चेहरा पडला होता. लोक वरून खिडक्यांतून बघत होते. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांची मापं काढली त्याचं माप आज अख्ख्या इमारतीसमोर चुकलं होतं, आणि तेही एका इंचाने. चार इंचांनी चुकलं असतं तर एवढी लाज वाटली नसती.

"मरे गुणाजी," लवू एकदम उभा राहिला. "तरीत माणसां भरली काय तर काय करता?"

"कोण?"

"तर मरे, तर! देवगडच्या खाडीतली होडी. माणसां भरली काय खाली बसता. गाडयेत माणसां भर!"

गुणाजींनी टेप बाहेर काढली. "चढ," ते म्हणाले. लवू चढला. जेमतेम अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग. मानसी चढली. मानेकाकू मिरच्यांचं ताट घेऊन आल्या होत्या, त्याही ताटासकट चढल्या. दीड सूत. मग गुणाजींनी वर बघून हाक मारली. तेरा महिन्यांत त्यांनी कुणाला हाक मारली नव्हती. "अहो, जरा खाली येता का? गाडीत बसायचंय!"

रविवारी सकाळी, फुकटात, गाडीत बसायचं म्हटल्यावर माणसं स्लीपर घालून आली. बाकांवर बसली, ओट्यावर बसली, बेसिनला टेकून उभी राहिली. ओकबाई सगळ्यात शेवटी चढल्या आणि चढताच थबकल्या. त्यांनी डोकी मोजली.

"पेडणेकर! बारा सभासद आहेत."

"मग?"

"कोरम पूर्ण आहे! चार वर्षांत एकाही सभेला झाला नव्हता!" बाईंनी पर्समधून वही काढली. "तातडीची सर्वसाधारण सभा सुरू करते. विषय क्रमांक एक. सदर वाहन बेवारस नाही."

"सूचक मी," लवू ओट्यावरून म्हणाला.

"अनुमोदन," मानेकाकू म्हणाल्या. "मिरची घ्या कुणीतरी."

"पण अजून हललेलं नाही, बाई," मागून कोणीतरी म्हणालं. नियम म्हणजे नियम. गाडी हलल्याशिवाय ठराव लागू होणार नव्हता.

नंदकुमार बाहेर स्टुलावर उभे राहून स्टँडवर डोळा लावून होते. चूक दुरुस्त करायची संधी त्यांनी मागून घेतली होती. "अजून एक सूत!" ते ओरडले. "एक सूत हवंय!"

ज्यांच्या गाड्या होत्या ते त्या घेऊन कधीच बाहेर पडले होते, इमारतीत आता मांजरसुद्धा उरलं नव्हतं. बाराला दहा मिनिटं कमी. आणि सगळ्यांची नजर एकाच वेळी गेटकडे गेली.

सर्वेश भारी माणूस होते. एकशेदहा किलो तर डोळ्यांनीच दिसत होते.

"मी?" सर्वेश म्हणाले. "अहो, पण मी तर गाडी घ्यायला आलोय."

"नीट बघून तरी घ्या मग," लवू म्हणाला. "आतून. या, या. मागच्या बाजूक बसा."

गिऱ्हाइकाला आपण काय करतोय ते कळत होतं. पण चोवीस डोळे एकदम बघायला लागले की माणूस पायरीवर पाय ठेवतो. सर्वेशनी ठेवला. गाडीने एक मोठा सुस्कारा सोडला आणि खाली बसली.

"आता!" नंदकुमार स्टुलावरून ओरडले. "या! येऊ द्या! सरळ! येऊ द्या! सर्वेशभाई, हलू नका! श्वास सोडू नका! या... या... आलं! पेडणेकर, आलं!"

गुणाजींच्या शेजारच्या सीटवर मानसी बसली होती, कारण आत जागाच उरली नव्हती. त्या सीटवर अजून कुणी बसलं नव्हतं. 'आलं' हा शब्द ऐकून गुणाजी रडलेच असते, पण पाय क्लचवर होता.

बीम मागे गेला. कमान गेली. गाडी रस्त्यावर आली, उन्हात. आत टाळ्या वाजल्या. बाराला चार मिनिटं कमी होती, ती वेळ ओकबाईंनी इतिवृत्तात लिहिली.

आता कुणीतरी उतरायला हवं होतं. कुणीच उतरेना. कोपऱ्यावर हवा भरून घेतली, तेवढ्यात मानेकाकू म्हणाल्या, "एवढं बसलोय तर एक चक्कर मारा की." मग ऐरोलीच्या पुलापर्यंत चक्कर झाली. खाडी दिसली. सभा चालू होती. विषय क्रमांक चार, पेव्हर ब्लॉक यापुढे जुने काढून मगच बसवणे, एकमताने. सर्वेशना मिरची दिली. त्यांनी छताकडे बघत ती खाल्ली आणि म्हणाले, "काका, मी शेजवान टाकून हे खराब केलं असतं. मी दुसरी बघतो."

दीड वाजता सगळे गेटवर उतरले आणि गाडी हुश्श करून पुन्हा उंच झाली. गुणाजी कमानीखालून आत बीमकडे बघत उभे राहिले. मानसीही बघत होती.

"बाबा, आता आत न्यायची झाली तर?"

"पुन्हा कोरम लागेल."

"रोज नाही मिळायचा."

"नाही मिळायचा," गुणाजी म्हणाले. म्हणजे आता देवगडशिवाय गाडीला जायला जागाच नव्हती. त्यांना एकदम खूप हलकं वाटलं. तेरा माणसं उतरल्यासारखं.

लवू पिशवी घेऊन आला होता. "मी येतंय," त्याने सांगितलं. "विचारू नको. वाटेत खंयतरी उतरतलंय, नायतर पुढे बघूया."

मानसीने वाकून बाबांना नमस्कार केला. बऱ्याच दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी गेली होती. "फोन करा. आणि कपाटात काय निघालं ते सांगा."

सातला पाच मिनिटं कमी असताना गाडी माणगावच्या अलीकडे एका खानावळीच्या अंगणात उभी राहिली. गुणाजी छत्री स्टँडवर बसवायला टपावर चढले आणि बघतात तर नट नाहीत. नट सकाळी काढून नंदकुमारांनी जपून ठेवले होते. स्वतःच्या खिशात. मुलुंडला.

तिपाई तर रद्दच केली होती.

लवूने क्षणभर विचार केला. मग खानावळवाल्याकडून प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली, ती अंगणात मधोमध ठेवली, तिच्यात बसला, आणि नातवाला घ्यावं तशी छत्री मांडीवर घेतली. ना छतावरची, ना तिपाईवरची. लवूवरची.

"खंयच्या बाजूक?"

"आग्नेयेला! त्या माडाकडे! डावीकडे... गेलं! उजवीकडे! जरा मागे वाक... आलं! लवू, आलं! हलू नको!"

खानावळीतले लोक ताटं हातात घेऊन गाडीच्या दाराशी जमले. गुणाजींनी सुलक्षणाचा फोटो काढून बाकावर टीव्हीसमोर ठेवला आणि शेजारी बसले. पाऊण तास जाहिराती, दहा मिनिटं वीज चमकली, थोरल्या जावेला तीनदा घेरी आली. दोनदा चित्र गेलं, कारण लवूला डास चावला. आणि शेवटी विहिरीतली किल्ली कपाटाला लागली, आणि सहाशे भागांनंतर दार उघडलं.

आत एक पेटी होती.

पेटीला कुलूप होतं.

खानावळीतले लोक "आई शप्पथ" म्हणून आपापल्या टेबलांकडे परत गेले. गुणाजी बसून राहिले. मग त्यांच्या पोटातून हसू आलं. ते इतकं हसले, की खानावळवाला पाणी घेऊन धावत आला.

"ऐकलंस का?" डोळे पुसत ते फोटोला म्हणाले. "काही हुकलं नाही गं तुझं. काहीही हुकलं नाही. अजून पेटी आहे."

"गुणाजी!" बाहेरून लवू ओरडला. "हात मोडले माझे! काय होतां कपाटात?"

"पेटी!"

"आणि पेटयेत?"

"उद्या बघू," गुणाजी म्हणाले, आणि छत्री घ्यायला खाली उतरले.